प्रेशर टेस्टमध्ये गेजचा काटा उतरतो, पण गळती सापडत नाही: धातूच्या आणि प्लास्टिकच्या पाइपांसाठी निदानाची पद्धत

नव्याने टाकलेल्या पाइपलाइनची पाण्याने प्रेशर टेस्ट घेताना एक अडचण वारंवार येते. पंपाने दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत नेलेला असतो, व्हॉल्व्ह बंद केलेला असतो, आणि अर्ध्या तासाने पाहावे तर काटा खाली आलेला असतो. मात्र प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून पाहिला तरी ओल कुठेच लागत नाही. दाब पुन्हा चढवला तरी पुन्हा तसेच होते. अशा वेळी काही जण संशयापोटी चांगले जोड कापायला घेतात, तर काही जण ‘प्लास्टिक ताणले जाते, एवढे उतरणारच’ असे म्हणून टेस्ट उत्तीर्ण झाल्याची नोंद करतात. या दोन्ही निर्णयांमध्ये दोष एकच आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोनच आकडे पाहून निष्कर्ष काढला जातो आणि मधल्या वेळात काटा कसा उतरला, याची नोंद कोणाकडेच नसते.

गळती, तापमानातला बदल, पाइपात अडकलेली हवा, प्लास्टिकचे सावकाश ताणले जाणे आणि टेस्टच्या साधनांमधला दोष या पाचही कारणांनी दाब उतरतो, पण प्रत्येक कारणाने तो वेगळ्या रीतीने उतरतो. म्हणून पहिली सूचना अशी की व्हॉल्व्ह बंद केल्यावर ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांनी गेजचा आकडा लिहून ठेवावा आणि त्याच्याच शेजारी पाइपाच्या पृष्ठभागाचे तापमानही लिहावे. ही नोंद नसेल तर पुढे सांगितलेले निदान करता येणार नाही.

एका बारची किंमत किती थेंब?

पाणी दाबले जात नाही असे व्यवहारात आपण धरतो, पण येथे ती समजूत पुरत नाही. १० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाखाली पाण्याचे आकारमान सुमारे ०.०४५ टक्क्यांनी कमी होते आणि त्याच दाबाने पाइप किंचित फुगतो. दाब चढवताना पंपातून जे जास्तीचे पाणी आत जाते, ते या दोन कारणांसाठी लागते. १५ मिलिमीटर व्यासाचा आणि ०.७ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पाइप घेतला, तर त्यात १० लिटर पाणी मावायला जवळजवळ ७० मीटर लांबी लागते. एवढ्या लांबीचा, हवा पूर्णपणे काढलेला पाइप शून्यापासून १० बारपर्यंत न्यायला साधारण ६ मिलिलिटर पाणी पुरते. म्हणजेच १ बार दाब उतरण्यासाठी ०.६ मिलिलिटर, अर्थात बारा थेंब, बाहेर गेले की झाले.

आता तेवढेच १० लिटर पाणी पॉलिथिलीनच्या पाइपात आहे असे समजू, ज्याचा बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट आहे. पॉलिथिलीनची ताठरता तांब्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असल्यामुळे हा पाइप दाबाखाली बराच फुगतो आणि १० बार गाठायला सुमारे १०० मिलिलिटर पाणी लागते. येथे १ बार उतरायला १० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ दोनशे थेंब, जावे लागतात. पीपीआर आणि पेक्स या प्लास्टिकच्या पाइपांचे वागणे याच जातीचे असते. सीपीव्हीसी हे प्लास्टिक त्यांच्यापेक्षा ताठ असते, तर आत ॲल्युमिनियमचा थर असलेला बहुस्तरीय पाइप बराचसा धातूच्या बाजूने झुकतो.

या आकडेमोडीचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. दर पाच मिनिटांना एक थेंब सुटणारा जोड वरच्या तांब्याच्या लाइनमध्ये तासाभरात १ बार दाब उतरवतो, आणि तो थेंब बहुधा खाली पडण्याआधीच वाळून जातो, त्यामुळे काटा बोलतो पण डोळ्यांना काही दिसत नाही. तोच जोड पॉलिथिलीनच्या लाइनमध्ये असेल तर तासाभरात जेमतेम ०.०६ बार उतरेल, जो अर्ध्या बारच्या रेघा असलेल्या गेजवर कोणालाही वाचता येणार नाही. धातूमध्ये मोठ्या घसरणीमागेही क्षुल्लक गळती असू शकते आणि प्लास्टिकमध्ये दिसेल न दिसेल अशा घसरणीमागेही खरी गळती लपलेली असू शकते. म्हणून दोन्ही प्रकारच्या पाइपांना एकच मोजपट्टी लावणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी टेस्टची साधने तपासा

पाइपलाइनवर संशय घेण्याआधी पंप, होज आणि गेज यांची परीक्षा करावी. हातपंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) कचऱ्यामुळे नीट न बसणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तेथून पाणी उलट पंपाच्या टाकीत जाते, बाहेर कुठेच ओल दिसत नाही आणि दोष मात्र जोडांवर येतो. यावरचा उपाय सोपा आहे. पंपाची होज जेथे लाइनला जोडली आहे तेथे स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह बसवावा, गेज त्या व्हॉल्व्हच्या पुढे, लाइनच्या बाजूला घ्यावा आणि दाब चढल्यावर तो व्हॉल्व्ह बंद करून होज मोकळी करावी. होज स्वतःही ताणली जाते, त्यामुळे ती वेगळी केली की एक अनिश्चितता कमी होते.

गेजची मर्यादा टेस्टच्या दाबाच्या दीडपट ते दुप्पट असावी. ९ बारच्या टेस्टसाठी ४० बारचा गेज लावला, तर जो फरक शोधायचा आहे तो काट्याच्या जाडीतच हरवतो. ०.१ बारपर्यंत वाचता येईल असा गेज मिळवणे हा या कामातला सर्वांत उपयोगी खर्च आहे. गेज लाइनच्या सर्वांत खालच्या जागी बसवावा, कारण दर १० मीटर उंचीमागे दाबात सुमारे १ बारचा फरक पडतो. वरच्या मजल्यावरच्या गेजवर ९ बार दिसत असताना तळाशी १० किंवा ११ बार असू शकतात आणि तेथील फिटिंगच्या मर्यादेचा भंग होऊ शकतो.

याच टप्प्यावर लाइनची टोके कशाने बंद केली आहेत, तेही पाहावे. टोके एंड कॅप किंवा प्लगने बंद करावीत, बंद व्हॉल्व्हच्या भरवशावर टेस्ट घेऊ नये. जुन्या चालू लाइनला जोडणारा व्हॉल्व्ह आतून पास होत असेल, म्हणजे बंद असूनही पाणी जाऊ देत असेल, तर काटा उतरत उतरत नेमका जुन्या लाइनच्या दाबावर येऊन थांबतो. दाब मधल्याच एखाद्या आकड्यावर ठाम थांबला, तर तो आकडा जुन्या लाइनच्या दाबाशी किंवा एखाद्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बंद होण्याच्या दाबाशी ताडून पाहावा. बहुतेक वेळा शोध तेथेच संपतो. गिझर, सेफ्टी व्हॉल्व्ह, फ्लोट व्हॉल्व्ह आणि एक्स्पान्शन टँक ही उपकरणे टेस्टच्या वेळी लाइनला जोडलेली नसावीत. लाइनमध्ये मध्येच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना दाब पोहोचला आहे की नाही हे वेगळे तपासावे, अन्यथा अर्ध्या लाइनची टेस्ट झालेलीच नसते.

अडकलेली हवा

लाइन भरताना पाणी सर्वांत खालून आणि सावकाश सोडावे आणि वरचे प्रत्येक टोक अखंड धार येईपर्यंत उघडे ठेवावे. हे नीट झाले नाही तर हवेचे कप्पे वरच्या वळणांमध्ये अडकून राहतात आणि टेस्टचा अर्थच बदलतो. वरच्याच १० लिटरच्या तांब्याच्या लाइनमध्ये १०० मिलिलिटर हवा राहिली असे धरा. १० बार दाबाला ती आकसून सुमारे ९ मिलिलिटर होते, म्हणजे ९१ मिलिलिटर पाणी फक्त हवेची जागा भरायला जास्त लागते. ज्या लाइनला ६ मिलिलिटर पुरायला हवे होते, तिने जवळजवळ १०० मिलिलिटर घेतले तर आत हवा आहे हे निश्चित समजावे. पंपाच्या दांड्याचे फेरे मोजण्याची सवय असलेला कारागीर हे गेज न पाहताही ओळखतो. दाब सोडताना परत येणारे पाणी मापाच्या भांड्यात धरले, तर हीच गोष्ट आकड्यात समजते, आणि माझ्या मते ही चाचणी जितकी केली जायला हवी तितकी केली जात नाही.

हवेमुळे दोन प्रकारचे घोटाळे होतात. एक म्हणजे हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी मागून रेटा देत राहते, त्यामुळे खरी गळती असूनही काटा सावकाश उतरतो आणि गळती क्षुल्लक भासते. दुसरा घोटाळा याच्या उलट आहे. दाबाखाली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, तिचे आकारमान घटते आणि गळती मुळीच नसतानाही काटा खाली येतो. धातूच्या लाइनमध्ये घसरण आधी जोरात आणि मग मंद होत जात असेल, तर ती बहुधा हवेमुळे किंवा तापमानामुळे असते. प्लास्टिकमध्ये अशी मंदावणारी घसरण पाइपाच्या ताणामुळेही होते, म्हणून तेथे हवेचा निकाल आधी लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तापमान: धातू आणि प्लास्टिक परस्परविरुद्ध वागतात

२० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी एका अंशाला सुमारे ०.०२१ टक्के प्रसरण पावते. तांब्याच्या पाइपाची पोकळी तेवढ्याच तापमानवाढीने सुमारे ०.००५ टक्के वाढते, आणि पोलादाची त्याहूनही कमी. उरलेल्या पाण्याला जायला जागा नसल्यामुळे दाब वाढतो. हवा पूर्णपणे काढलेल्या बंद लाइनमध्ये हा बदल तांब्यात एका अंशाला सुमारे अडीच बार आणि पोलादात तीन बारांहून अधिक इतका होऊ शकतो. लाइन थंड झाली की तेवढाच दाब उतरतो. दुपारी भरलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा दाब संध्याकाळी दोन-तीन बार उतरला, तर त्यासाठी एकही थेंब बाहेर जाण्याची गरज नसते, आणि याच कारणाने किती तरी निर्दोष जोड उगाच कापले जातात.

पॉलिथिलीन आणि पीपीआर यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची लांबी दर मीटरला एका अंशामागे ०.१५ ते ०.२ मिलिमीटर वाढते, म्हणजे पोकळीचे आकारमान एका अंशाला ०.०४५ ते ०.०६ टक्के वाढते, जे पाण्याच्या प्रसरणाच्या दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे पाइप तापला की आतले पाणी त्या वाढलेल्या पोकळीला अपुरे पडते आणि दाब वाढण्याऐवजी उतरतो. शिवाय तापलेले प्लास्टिक मऊ पडते आणि आणखी ताणले जाते, त्यामुळे घसरणीत भर पडते. पीपीआर पाइपांच्या टेस्टसाठीच्या सूचनांमध्ये १० अंशांच्या फरकाने अर्धा ते एक बार बदल होऊ शकतो असे धरलेले असते. सीपीव्हीसीचे प्रसरण पाण्याच्या प्रसरणाच्या जवळपास असल्याने तेथे हा परिणाम कमी जाणवतो.

यातून निदानाची एक चांगली खूण मिळते. ऊन पडल्यावर दाब चढत असेल आणि सावली आल्यावर उतरत असेल तर धातूच्या लाइनमध्ये ते स्वाभाविक आहे. पॉलिथिलीनच्या किंवा पीपीआरच्या लाइनमध्ये मात्र ऊन पडल्यावर दाब उतरणे स्वाभाविक आहे. भरल्यानंतर निदान अर्धा तास, आणि पाणी व परिसर यांच्या तापमानात १० अंशांहून अधिक फरक असेल तर त्याहून जास्त वेळ, लाइन तशीच ठेवून मगच दाब चढवावा. उघडी लाइन झाकावी किंवा टेस्ट सकाळी लवकर घ्यावी. भर उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर कार्यदाबाच्या (रोजच्या वापरातल्या दाबाच्या) दीडपट दाब देणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य नाही, कारण पाइपावर छापलेली दाबाची मर्यादा साधारणपणे २० अंशांसाठी असते आणि तापमान वाढले की ती कमी होते. सीपीव्हीसीची मर्यादा काही उत्पादक २३ अंशांसाठी देतात, म्हणून पाइपावरचा मजकूर आणि उत्पादकाचा तक्ता दोन्ही पाहावेत.

प्लास्टिकचे ताणले जाणे आणि खरी गळती यांतला फरक

प्लास्टिकचा पाइप दाब दिल्याक्षणी जेवढा फुगायचा तेवढा फुगून थांबत नाही. तो त्यानंतरही, सतत मंदावत्या गतीने, फुगत राहतो. आत जाणारे पाणी बंद केलेले असल्यामुळे पोकळी वाढली की दाब उतरतो. ही घसरण पहिल्या दहा मिनिटांत सर्वांत जास्त असते, पुढच्या दहा मिनिटांत बरीच कमी होते आणि तासाभरानंतर तिचा वेग फारच मंद होतो. गळतीतून जाणारे पाणी मात्र दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे दाब बराच उतरेपर्यंत गळतीचा वेग फारसा बदलत नाही. दहाव्या ते विसाव्या मिनिटात जेवढा दाब उतरला जवळजवळ तेवढाच पन्नासाव्या ते साठाव्या मिनिटातही उतरला असेल, तर ‘प्लास्टिक ताणते’ हे उत्तर लागू पडत नाही.

दुसरी कसोटी पुन्हा दाब चढवण्याची आहे. दाब मूळ आकड्यावर आणून तेवढाच वेळ थांबावे. ताणामुळे होणारी घसरण प्रत्येक फेरीत कमी होत जाते, कारण पाइप बराचसा ताणून झालेला असतो. गळतीमुळे होणारी घसरण प्रत्येक फेरीत जवळपास तेवढीच राहते. म्हणूनच पहिल्या अर्ध्या तासात दाब अधूनमधून पंपाने भरून काढत राहणे हा प्लास्टिकच्या टेस्टचा अधिकृत भाग आहे, ती सवलत नव्हे. बऱ्याच ठिकाणी रूढ असलेल्या एका पद्धतीत या अर्ध्या तासानंतर पंप बंद करतात; पुढच्या अर्ध्या तासात दाब ०.६ बारपेक्षा जास्त उतरता कामा नये आणि त्यानंतरच्या दोन तासांत ०.२ बारपेक्षा जास्त उतरता कामा नये, अशी अट असते. टेस्टचा दाब सहसा कमाल कार्यदाबाच्या दीडपट धरतात. पाइपाच्या उत्पादकाची सूचना किंवा लागू असलेला नियम वेगळा आकडा सांगत असेल तर अर्थातच तोच पाळावा.

तिसरी कसोटी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. अर्धा तास टेस्टचा दाब कायम ठेवल्यावर थोडे पाणी सोडून दाब झटकन कमाल कार्यदाबाच्या निम्म्यावर आणावा, व्हॉल्व्ह बंद करावा आणि ९० मिनिटे नोंद घ्यावी. जास्त दाबाने ताणलेला पाइप आता कमी दाबाखाली आकसू पाहतो, त्यामुळे जोड निर्दोष असतील तर काटा त्याच जागी राहतो किंवा किंचित वर चढतो. गळती असेल तर काटा खाली येतो. ताणले जाण्याची दिशाच या टेस्टमध्ये उलटवलेली असते, म्हणून ताण आणि गळती एकमेकांत मिसळत नाहीत. बारीक गळती असताना सुरुवातीला आकसण्यामुळे काटा थोडा चढून नंतर उतरू शकतो. त्यामुळे दहा मिनिटांत काटा चढलेला पाहून टेस्ट आटोपती घेऊ नये आणि पूर्ण ९० मिनिटे थांबावे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. दोन तासांत ०.२ बारची मुभा लाइनच्या आकारमानाकडे पाहत नाही. पॉलिथिलीनच्या १०० लिटरच्या लाइनमध्ये ०.२ बार म्हणजे सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे दोन तास दर अठरा सेकंदांना एक थेंब. एवढे ठिबकणे भिंत ओली करायला पुरेसे आहे आणि तरीही कागदावर ती लाइन उत्तीर्ण ठरते. म्हणून मोठी प्लास्टिकची लाइन एकत्र न तपासता लहान भागांत तपासावी आणि गेज काहीही म्हणत असला तरी प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून दोन तासांनी तो उलगडून पाहावा. टिश्यूवरचा ओला ठिपका डोळ्यांना आणि बोटांना न जाणवणारी ओलही दाखवतो. गार पाण्यामुळे पाइपावर बाहेरून दव धरत असेल, तर मात्र लाइन खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ही कसोटी फसवी ठरते.

कमी दाबाचा टप्पा कधीही गाळू नये

सगळ्याच गळत्या जास्त दाबाला उघड होतात असे नाही. प्रेस फिटिंग (अवजाराने दाबून बसवलेले जोड), पुश-फिट फिटिंग (पाइप नुसता आत ढकलून केलेले जोड) आणि रबरी ओ-रिंगवर चालणारे इतर जोड जास्त दाबाला ओ-रिंग घट्ट बसल्यामुळे कोरडे राहतात आणि कमी दाबाला पाझरतात. अनेक प्रेस फिटिंगची रचनाच अशी असते की प्रेस करायचा राहून गेलेला जोड कमी दाबाला हमखास गळावा. थेट ९ बारपर्यंत दाब चढवला तर ही सोय वाया जाते आणि न दाबलेला जोड टेस्टमध्ये टिकून, नंतर एखाद्या दिवशी पाइपातून निसटतो. म्हणून आधी १ ते २ बारवर थांबून सर्व जोड डोळ्यांनी पाहावेत, मग दाब वाढवावा. पुश-फिटमध्ये पाइप पूर्ण आत गेला आहे का, हे पाइपावर आधी केलेल्या खुणेवरून तपासावे. मऊ पाइपाच्या टोकात आधारनळी घालायची राहिली असेल, तर तो जोड टेस्टमध्ये टिकतो आणि गरम पाणी सुरू झाल्यावर गळतो, त्यामुळे याची खात्री टेस्टवर सोडता येत नाही.

सोल्डर केलेल्या तांब्याच्या जोडांत आणखी एक फसवा प्रकार आढळतो. सोल्डर अपुरे भरले गेले असेल तर आत गोठलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेला लेप) ते छिद्र काही काळ बुजवून ठेवतो. थंड पाण्याच्या टेस्टमध्ये जोड कोरडा राहतो आणि वापर सुरू झाल्यावर फ्लक्स विरघळला की पाझर सुरू होतो. टेस्टआधी लाइन भरपूर पाण्याने, शक्य असेल तेथे कोमट पाण्याने, धुऊन काढणे हाच यावरचा उपाय आहे; त्याने फ्लक्समुळे होणारे गंजणेही टळते.

सीपीव्हीसीच्या जोडांना सॉल्व्हंट सिमेंट पूर्ण वाळायला वेळ द्यावा लागतो. हा वेळ व्यास, तापमान आणि आर्द्रता यांनुसार बदलतो आणि डब्यावरच्या तक्त्यात दिलेला असतो. घाईने टेस्ट घेतली तर जोड गळतो, आणि त्यावर बाहेरून सिमेंट फासून केलेली दुरुस्ती कधीही भरवशाची नसते. जोड कापून नवीनच करावा. पीपीआरमध्ये दोष बहुधा वितळवण्याच्या वेळेत असतो. कमी तापवलेला जोड पाझरतो, तर जास्त तापवलेल्या जोडात वितळलेले प्लास्टिक आत जमून मार्ग अरुंद होतो, जे प्रेशर टेस्टमध्ये अजिबात कळत नाही आणि नळाला पाणी कमी आल्यावरच लक्षात येते. आट्यांच्या जोडांमध्ये, विशेषतः प्लास्टिकच्या मादी (आतल्या बाजूच्या) आट्यांमध्ये धातूचे निप्पल बसवताना, टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळून जोर लावल्यास सॉकेटला केसासारखी चीर जाते. असा जोड आणखी घट्ट केला की गळती वाढते, आणि हीच त्याची ओळख आहे.

धातू आणि प्लास्टिक एकाच लाइनमध्ये असतील तर

मुख्य लाइन धातूची आणि आतल्या फांद्या प्लास्टिकच्या, ही रचना आता सर्रास असते. अशी लाइन एकत्र तपासली तर प्लास्टिकच्या ताणामुळे पूर्ण लाइनचा दाब उतरतो आणि धातूच्या भागातला बारीक पाझर त्याखाली झाकला जातो. शक्य असेल तर दोन्ही भाग तात्पुरत्या प्लगने वेगळे करावेत, धातूच्या भागाला तापमान स्थिर असताना एक तास अजिबात घसरण नसावी हा निकष लावावा आणि प्लास्टिकच्या भागाला प्लास्टिकची पद्धत लावावी. वेगळे करणे शक्यच नसेल तर संपूर्ण लाइनला प्लास्टिकची पद्धत लागू करावी आणि धातूच्या जोडांवर टिश्यूची तपासणी सक्तीची धरावी.

हवेने टेस्ट घेण्याविषयी

पाणी नसले की कॉम्प्रेसर लावून टेस्ट उरकण्याचा मोह होतो, पण तो धोकादायक आहे. त्याच दाबाला त्याच आकारमानाच्या हवेत साठणारी ऊर्जा पाण्यातल्या ऊर्जेच्या हजारो पट असते. पाण्याने भरलेला जोड निसटला तर थोडे पाणी उडून दाब लगेच शून्यावर येतो. हवेने भरलेला जोड निसटला तर फिटिंग किंवा पाइपाचे तुकडे वेगाने फेकले जातात. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी ठिसूळपणे फुटत असल्याने त्यांच्यावर दाबाखालच्या हवेची टेस्ट करू नये, असे उत्पादक सांगतात. गोठण्याच्या भीतीने किंवा आरोग्याच्या कारणाने कोरडी टेस्ट घ्यायचीच असेल, तर योग्य त्या पाइपांवर ती ०.१५ बारसारख्या अगदी कमी दाबाला घेतली जाते आणि जोडांवर फेस येणारा द्रव लावून बुडबुडे पाहिले जातात. त्यासाठी भांडी घासण्याचा साबण वापरू नये, कारण काही प्लास्टिकना त्याने ताणाखाली चिरा पडतात. गळती शोधण्यासाठी बनवलेला आणि त्या प्लास्टिकला चालणारा द्रवच घ्यावा.

एवढे करूनही जागा सापडत नसेल तर

साधने निर्दोष आहेत, हवा काढली आहे, तापमान स्थिर आहे आणि घसरण तरीही एकसारखी चालू आहे, अशा स्थितीत लाइन मधोमध तोडून दोन्ही भाग स्वतंत्र तपासावेत. जो भाग दाब धरत नाही त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. सोळा फांद्यांची लाइन असली तरी चार टप्प्यांत एका फांदीपर्यंत पोहोचता येते. लाइनचा भाग जितका लहान होत जातो तितका काटा अधिक संवेदनशील होतो, कारण तोच थेंब आता कमी पाण्यातून कमी होत असतो. आधी तासाला ०.३ बार उतरणारी गळती शेवटच्या फांदीत काही मिनिटांतच स्वतःला दाखवते. आधीच बुजवलेल्या भागात शोध घ्यायचा असेल, तर दाब कायम ठेवून शांत वेळी भिंतीला किंवा फरशीला गळतीचा आवाज ऐकण्याचे यंत्र लावून ऐकता येते. धातूच्या पाइपातून आवाज दूरवर जातो, प्लास्टिकमध्ये तो थोड्या अंतरातच विरतो, त्यामुळे प्लास्टिकच्या लाइनवर बरेच जवळजवळ ऐकत जावे लागते.

टेस्ट उत्तीर्ण झाल्यावर दाब सावकाश सोडावा आणि तारीख, सुरुवातीचा व शेवटचा दाब, मधल्या नोंदी, तापमान आणि लाइनच्या कोणत्या भागाची टेस्ट झाली हे लिहून ठेवावे. भिंती बुजवण्याचे आणि फरशी बसवण्याचे काम लगेच सुरू होणार असेल, तर लाइन कार्यदाबावर ठेवून गेज दिसेल असा तसाच ठेवावा, म्हणजे एखादा खिळा किंवा ड्रिलचे टोक पाइपाला लागले तर ते त्याच दिवशी कळते. पिण्याच्या पाण्याची लाइन मात्र भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे साचवून ठेवू नये. वापर सुरू होईपर्यंत मधूनमधून ती वाहती करावी आणि हस्तांतरणाआधी ताज्या पाण्याने पूर्ण धुऊन घ्यावी.